फियाटचं डावं दार

सोमाटणे फाट्यावर, जुन्या हायवेच्या कडेला, पंक्चरवाला आणि रसवंती यांच्या मधोमध एक पत्र्याची शेड आहे. शेडीवर पाटी आहे, पण ती वाचायच्या भानगडीत कुणी पडत नाही. आत काय चालतं ते रस्त्यावरूनच ऐकू येतं. खट्ट. थोडी शांतता. पुन्हा खट्ट. आणि मग गेणू मिस्त्रीचा खुशीतला आवाज, "आत्ता कसं! आत्ता बोलली बघा बया!"

बोलली ती गाडी. म्हणजे गाडीचं दार.

गेणू ओव्हाळनं अर्धं आयुष्य डेंटिंगच्या कामात घालवलंय. चेपलेलं मडगार्ड, वाकलेला बंपर, गंजून चाळण झालेली पट्टी, समोर येईल ते तो करतो. पण त्याचा जीव दारात. पुण्याला नाना पेठेतल्या गॅरेजात शिकत होता तेव्हाच त्याच्या उस्तादांनी ओळखलं होतं की या पोराचे कान हातापेक्षा हुशार आहेत. दार लागतानाच्या आवाजावरून गेणू सांगतो की बिजागरी झिजलीय, की खटका सरकलाय, की रबर गेलंय. शेजारचा रसवंतीवाला सोपान त्याची परीक्षा घेतो. रस्त्याकडे पाठ करून बसवतो आणि विचारतो, "सांगा मिस्त्री, कोण उतरलं?"

"जुनी अँबॅसिडर. मागचं उजवं दार. आन् उतरणारा मानूस घरातनं भांडून आलाय."

"भांडून आलाय हे कशावरनं?"

"मग दाराचा काय गुन्हा होता, सांग की! एवढं आपटायचं?"

चांगलं दार कसं लागावं याबद्दल त्याचं मत ठाम आहे. "दोन बोटांनी. तिसरं बोट लागलं तर मिस्त्री बदला."

पण मिस्त्री बदलायचीसुद्धा तसदी आता कुणी घेत नव्हतं. नव्या गाड्यांची दारं दुरुस्त होत नाहीत. आख्खं दार काढतात, आख्खं दार बसवतात, आणि मालक तोवर एसीत बसून कॉफी पितो. गेणूच्या शेडीतलं काम पातळ होत चाललं. शेवटी त्याच्या मेव्हण्यानं परंदवडीजवळच्या एका कंपनीत वॉचमनची जागा बोलून ठेवली.

"पप्पा, तुमचंच काम आहे ते," त्याची लेक अपेक्षा म्हणाली. "दिवसभर दार उघडायचं, दार लावायचं."

"फाटक असतंय ते! फाटकाला काय बोलता येतंय व्हय? नुसतं कोकलतंय."

अपेक्षा लोणावळ्याला, बंगले भाड्यानं देणाऱ्या एका ऑफिसात कामाला होती. बापाची चेष्टा करायची, पण बापाचं नाव चार ठिकाणी पेरायचीही. एके दिवशी ती घरी आली तीच ओरडत. "पप्पा, तुंगार्लीला पाटकर म्हणून आहेत. काळी मॉरिस आहे त्यांच्याकडे, त्यांच्या वडिलांच्या वेळची. चारही दारं लटकलीयत. आणि असल्या जुन्या गाड्या सांभाळणारी त्यांची अख्खी टोळी आहे, पार खंडाळ्यापर्यंत. मी तुमचं नाव सांगितलंय. उद्या फोन येईल, नीट बोला. उस्तादांची गोष्ट सांगत बसू नका."

फोन आला तेव्हा गेणू शेडीत होता. पाटकर मोजकं बोलणारे निघाले.

"मिस्त्री, ताजं काम सगळ्यांचंच छान दिसतं. मला महिनाभर वापरलेलं दार दाखवा. ते बघून मी ठरवतो. माझे मित्रही माझ्यावरच ठरवतील."

"महिनाभर? साहेब, माझं दार महिन्याभरानं आनखी सुधारतंय!"

"उत्तम. कुठली गाडी दाखवाल?"

गेणूनं मान वर केली. समोर एकच गाडी उभी होती, सकाळीच पुरी झालेली. सायीसारखा रंग, गोल दिवे, आणि डावं दार असं बसलेलं की फटीतून ब्लेड जाणार नाही. त्याची छाती फुगली आणि जीभ सुटली.

"फियाट. परंदवडीच्या रखमाजीभाऊंची. डावं दार."

"ठीक. पुढच्या महिन्यात येतो."

संध्याकाळी हे ऐकून अपेक्षानं कपाळावर हात मारला. "पप्पा, तीच ना ही फियाट, जी तिसऱ्यांदा आलीय?"

गेणूनं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही.

तीच ती. रखमाजीनं ही गाडी फार पूर्वी घेतली होती, तीही शेतकरी माणसाच्या डोक्यात सहसा न येणाऱ्या कारणासाठी. त्याच्या बायकोला, सरुबाईला, एसटी लागायची. माहेरी जायचं म्हटलं की वडगावच्या पुढं डोळे पांढरे. मग लोणावळ्यातल्या एका बंगलेवाल्याची जुनी फियाट विकायला निघाली तेव्हा रखमाजीनं काही न बोलता ती आणून अंगणात लावली. रखमाजी बहुतेक गोष्टी काही न बोलताच करायचा. बोलायचं खातं सरुबाईकडं होतं.

या गाडीचं डावं पुढचं दार, म्हणजे सरुबाईच्या बाजूचं, खाली बसायला लागलं. उघडलं की दोन बोटं खाली यायचं, लावताना उचलून धरावं लागायचं. पहिल्या खेपेला गेणूनं बिजागऱ्यांच्या पिना बदलल्या. थोड्याच दिवसांत दार पुन्हा लटकलं. गेणू म्हणाला, पिनेचं लोखंड बोगस. दुसऱ्या खेपेला त्यानं लेथवाल्याकडून पिनेवर बसणारे पितळी बुश करून आणले. पुन्हा तेच. तेव्हा लेथवाला बोगस. तिसऱ्या खेपेला त्यानं बिजागऱ्या बसतात तो खांबच आतून जाड पत्रा मारून पक्का केला, दाराखाली जॅक आणि लाकडी ठोकळा देऊन केसाएवढं माप साधलं, आणि आता याच्या बापाची हिंमत नाही खाली यायची, असं शेडीतल्या सगळ्यांना ऐकवलं. शेडीत तेव्हा तो एकटाच होता.

उजव्या दाराला मात्र एवढ्या वर्षांत पाना लागला नव्हता. हे गेणूच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. त्यानं त्याचं उत्तर काढून ठेवलं होतं. "खड्डे डाव्या अंगालाच जास्त असत्यात."

शब्द दिला आणि गेणूची झोप उडाली. आठवडाही धड झाला नसेल, तो स्कूटर काढून परंदवडीला गेला. फियाट अंगणात चिंचेखाली होती. त्यानं डावं दार उघडलं, खालच्या टोकाला दोन्ही हात घातले आणि हलकेच उचललं. दार वर आलं. सोडलं. दार खाली गेलं. पिनेत खेळ आला होता, पिन ढिली पडली होती.

गेणू तिथंच उकिडवा बसला.

"काय झालं?" रखमाजी ओट्यावरून म्हणाला.

"भाऊ, खरं सांगा. दार आपटता का?"

"मी त्याला हातबी लावत न्हाई. ते हिचं."

सरुबाई पदराला हात पुसत बाहेर आली. "आन् मी आपटते व्हय? सासूच्या खोलीचं लावावं तसं लावते मी. इचारा कुनालाबी."

"मग हे खाली का येतंय?"

"ते मला इचारताय? मिस्त्री तुमी हाय का मी?"

गेणू उठला. "आज कुटं निघालाय?"

"उर्स्याला माझ्या चुलत वहिनीकडं, आन् तितनं मळवलीला आक्काकडं."

"मग मीबी येतो. मागं बसतो. कुटल्या खड्ड्यात ही हरामखोरी हुतीय ते कानानं धरतो."

अशी ती मंडळी निघाली. रखमाजी स्टेअरिंगवर, शेजारी सरुबाई मांडीवर पिशवी घेऊन, आणि मागं गेणू, दाराच्या खांबाला कान लावून, डॉक्टरनं छातीला नळी लावावी तसा. खड्डे आले, गेले. रेल्वे फाटकाचे दणके बसले. बिजागरीनं हूं का चूं केलं नाही. गेणू कोड्यात पडला. खड्ड्यांवरचा इतक्या दिवसांचा आरोप त्याला मनातल्या मनात मागे घ्यावा लागला.

उर्स्याला वहिनीच्या घरी सगळे बसले. भिंतीला टेकून वहिनीचे सासरे, टीव्हीसमोर वहिनीचा नवरा, दारात वहिनीची सासू.

"बरं हाय ना?" सरुबाई.

"बरं हाय," वहिनी.

"भात बरा हाय औंदा?"

"बरा हाय."

चहा झाला. कपबशा वाजल्या. गेणूला वाटलं, या दोघींचं काहीतरी बिनसलेलं दिसतंय. "येते गं मग," म्हणून सरुबाई उठली आणि सगळे अंगणात आले. रखमाजी गाडीत बसला. पण त्यानं चावी फिरवली नाही. उलट सीट जराशी मागं घेतली, टोपी नाकावर ओढली आणि डोळे मिटले.

"निघायचं ना भाऊ?" मागून गेणू.

"निघायचं," टोपीखालून उत्तर आलं, "पर आत्ताच न्हाई."

सरुबाईनं डावं दार उघडलं. एक पाय गाडीत ठेवला, एक बाहेर. वहिनीनं दाराच्या वरच्या कडेवर कोपर टेकलं. इकडं-तिकडं बघितलं. आणि म्हणाली, "अवं, सांगायचंच ऱ्हायलं..."

मग जे सुरू झालं ते ऐकून गेणू चाटच पडला. आत जी बाई 'बरं हाय' याच्या पुढं गेली नव्हती, ती आता थांबेचना. धाकट्या दिराचं लग्न कुणी मोडलं, सासूबाईंनी पाटल्या कुठल्या डब्यात लपवल्यात, आणि नवऱ्याचं पोट कशामुळं बिघडतं, सगळं. बोलता बोलता तिचं दुसरंही कोपर दारावर आलं. शेजारीण भोपळा घेऊन आली. भोपळ्याची पिशवी तिनं काचेच्या चौकटीला अडकवली आणि उरलेल्या जागेत स्वतःही टेकली. एक लहान मुलगी दाराच्या आतल्या कडेवर चढून झोका घ्यायला लागली.

गेणूच्या डोळ्यांपुढं खांब होता. खांबाला बिजागरी. बिजागरीत त्याची पिन, त्याचा पितळी बुश. आणि दार हळूहळू, नजरेला दिसेल न दिसेल असं, खाली सरकत होतं. गेणूच्या तोंडून कण्हल्यासारखा आवाज निघाला.

सरुबाईनं वाकून आत पाहिलं. "मिस्त्री, पोटात दुखतंय का?"

"माझ्या न्हाई मावशी. दाराच्या!"

"काय तरीच," सरुबाई म्हणाली आणि पुन्हा बाहेर वळली. एकदाचं बोलणं सरलं. सरुबाई आत बसली, दार लागलं, रखमाजीनं टोपी वर केली; तेवढ्यात वहिनी ओरडली, "आगं बया, कुंकू लावायचं ऱ्हायलं की!" दार पुन्हा उघडलं. मुलगी करंडा आणायला पळाली. करंडा येईपर्यंत कोपरं पुन्हा जागेवर गेली.

मळवलीची आक्काबाई म्हणजे पुढची पायरी. सरुबाईची ही थोरली बहीण दोन बंगल्यांची राखण करायची आणि अंगानं चांगली भरदार होती. ती दारावर नुसती टेकली नाही. सज्जात उभं राहावं तशी दोन्ही हात टाकून विसावली.

"सरे, परवा आलेल्या पावन्यांचं सांगितलं का तुला? भाताच्या खाचरात उतरून फोटू काढत होती. मला म्हनत्यात, 'मावशी, हे लॉन कोण मेंटेन करतं?'"

"मग तू काय म्हनलीस?"

"म्हनलं, माझा नवरा. म्हनलं, कापायलाबी येतंय त्याला, पर दिवाळीच्या टायमाला."

बहिणी हसल्या. हसताना आक्काबाई सगळ्या वजनानिशी हलायची. तिच्याबरोबर दार हललं, दाराबरोबर बिजागरी, आणि बिजागरीबरोबर गेणूचं काळीज.

परतीच्या वाटेवर, कामशेत गेल्यावर, तो बोलला. "मावशी, चोर सापडला."

"कोन?"

"तुमी. आन् तुमच्या सगळ्या मैत्रिनी. दार खड्ड्यानं लटकत न्हाई. तुमच्या 'येते गं'नं लटकतंय."

सरुबाईनं मान गर्रकन फिरवली. "म्हंजी आता बोलायचंबी न्हाई का आमी?"

"बोला की! घरात बोला! घरात दोघीजनी मुक्यावाणी बसला होता आन् दाराला लोंबकाळून रामायन?"

"घरात?" सरुबाई हसली. "घरात सासू दारात, सासरा भिताडाला, नवरा टीवीम्होरं. तितं काय बोलनार, कपाळ? गाडीपोत्तर सोडायला आलं की कुनी मागं येत न्हाई. तेवढीच जागा हाय बाईला, मिस्त्री. दीड हाताची."

गेणू जरा नरमला. "मग दार लावून घ्या. काच खाली करा आन् खिडकीतनं बोला. कोन नको म्हनतंय?"

"काच कुटं खाली येतीया? हँडल नुसतंच गरागरा फिरतंय. लय वर्सं झाली."

"आन् हे तुमी मला कधी सांगितलं न्हाई!"

"तुमी कधी इचारलं? आलं की दाराला कान लावून बसता. मानसाकडं कुटं बघता?"

गेणूनं मदतीसाठी रखमाजीकडं पाहिलं. रखमाजीनं गिअर बदलला. "दोगांचंबी खरं हाय," तो म्हणाला, आणि त्या दिवसापुरतं त्याचं बोलणं संपलं.

गेणूनं फियाट शेडीत घेतली. पिना पुन्हा बदलल्या, दार पुन्हा उचलून मापात आणलं आणि या खेपेला आतला पत्रा उघडून काचेची यंत्रणाही दुरुस्त केली. काच लोण्यासारखी खाली-वर व्हायला लागली. दोघं गाडी न्यायला आली तेव्हा त्यानं सरुबाईला आत बसवलं, स्वतः दार लावलं, हँडल फिरवून दाखवलं. "आता बोला हितनं. जल्मभर बोला."

मागच्या खोलीतून गेणूची बायको रंजना बाहेर आली. "निघाला का सरुताई?" ती वाकली आणि खिडकीशी तोंड नेलं. दोघी बोलायला लागल्या. गेणू सोपानकडं बघून डोळा मारतोय तोवर रंजना कमरेवर हात ठेवून सरळ झाली. "मेलं, कंबार भरून आली वाकून."

"मलाबी तिकिटाच्या खिडकीत बसल्यावानी वाटतंय," सरुबाई म्हणाली. "कुठलं पायजे, बोला पटकन, मागं रांग हाय!"

आणि तिनं दार उघडलं. रंजनाचं कोपर आपसूक दाराच्या कडेवर गेलं.

"रंजे!" गेणू ओरडला. "दार!"

"काय दार?"

"टेकू नगंस!"

"आता गं बया! दर टायमाला गाडी न्यायला येत्यात तवा मी असंच तर बोलते. आजच काय तुमच्या दाराला सोनं लागलंय?"

दर टायमाला. म्हणजे पिनेवरचं पहिलं वजन घरचंच होतं, तेही काम पुरं झाल्या झाल्या. सोपान हसता हसता उसाच्या चरकाला धरून खाली बसला. गेणू हातातला पाना घेऊन शेडीच्या मागं निघून गेला आणि बराच वेळ आला नाही.

"पप्पा," रात्री जेवताना अपेक्षानं हळूच विचारलं, "पाटकरांना दुसरं एखादं दार दाखवलं तर?"

"दुसरं दार हाय कुटं? जे हाय ते हेच."

"मग सांगू त्यांना, की..."

"काय सांगशील? मिस्त्री पक्का हाय, पर गावातल्या बाया बोलत्यात?" त्यानं ताट सारलं. "मेव्हण्याला म्हनावं, वॉचमनची खाकी पँट माझ्या मापाची बघून ठेव."

दोन दिवसांनी फियाट पुन्हा शेडीपुढं थांबली. सरुबाई एकटीच उतरली. काही कामासाठी ती आली असेल असं गेणूला वाटलं नाही. टोमणा मारायला आली असेल असं वाटलं. पण तिनं सरळ विषयाला हात घातला.

"मिस्त्री, बैल सोडल्यावर बैलगाडीच्या जूखाली काय लावत्यात?"

"टेकू."

"का?"

"न्हाईतर गाडी म्होरं तोंडावर पडंल की."

"मग आमच्या दाराला का न्हाई लावत?"

"मोटारीच्या दाराला टेकू?" गेणू उसळला. "सायबाच्या गाडीला? अवं, माझ्या उस्तादांनी ऐकलं असतं तर मला उभा चिरला असता! बिजागरी मंजे काय वाटली तुमाला? बिजागरीची इज्जत..."

"इज्जत जपा," सरुबाई म्हणाली. "मी उसाचा रस पिऊन येते."

ती रस पिऊन आली तेव्हा गेणू भंगाराच्या ढिगात कमरेपर्यंत शिरला होता. त्यातून त्यानं एका जुन्या सायकलचा स्टँड ओढून काढला. मग घासला, तोडला, लांबी वाढवली, स्प्रिंग बदलली, टोकाला टायरचा तुकडा ठोकला. दाराच्या खालच्या कडेला त्यानं तो दोन नटबोल्टनी बसवला. वेल्डिंग केलं नाही. उद्या लाज वाटली तर काढून टाकता यावा, एवढी सोय त्यानं स्वतःसाठी ठेवली. दार उघडायचं, पायानं टक् करायचं, स्टँड जमिनीवर. निघताना पुन्हा टक्, स्टँड वर. दार लागलं की बाहेरून काही दिसत नाही.

"मळवलीला चला," गेणू म्हणाला. "आक्काबाई टेकून दार हललं न्हाई तर मानेन."

आक्काबाई टेकली. हसली. मग गेणूच्याच आग्रहावरून दोन्ही पाय उचलून लोंबकळलीसुद्धा. दार जागचं हललं नाही. बंगल्यातले पाहुणे हा प्रकार गॅलरीतून बघत होते आणि त्यांनी त्याचाही फोटो काढला.

पुढं आसपासच्या चार गावांत त्या स्टँडचं कौतुक झालं. बायका आपल्या पायानं टक् करून बघायच्या. कुणी म्हणालं, पावसाळ्यात चिखलात रुतेल. गेणूनं खाली रुंद पाय लावून दिला. तो दर दोन-तीन दिवसांनी परंदवडीला जाऊन दार उचलून बघायचा. खेळ नाही. तसूभरही नाही.

आणि तरी, पाटकर यायचे त्या सकाळी गेणू परंदवडीच्या अंगणात फियाटच्या दाराखाली पाठीवर पडलेला होता, हातात पाना.

"काय करताय?" सरुबाईनं विचारलं.

"स्टँड काढतोय. मोठा जानकार मानूस येनार. त्याला काय कुबडी लावलेलं दार दाखवू?"

"काढा की. मग साहेबाला बरं वाटंल. त्याची गाडी करून न्हेईल, आन् महिन्यानं मानूस टेकलं की दार त्याच्या पायावर पडंल."

"अवं, त्यांच्या दाराला कोन टेकतंय?"

"मग त्यांना सांगायला लाज कसली?"

गेणू दुसऱ्या बोल्टला पाना लावत होता तेवढ्यात एक पांढरी नवीकोरी गाडी अंगणात वळली. पाटकर वेळेच्या आधी आले होते. गेणू दाराखालून सरपटत बाहेर आला. एक बोल्ट त्याच्या मुठीत होता; दुसऱ्या बोल्टवर स्टँड लुळा पडून लोंबत होता.

पाटकर उंच, किडकिडीत, पांढऱ्या मिशांचे. त्यांनी नमस्कार केला आणि सरळ दारापाशी गेले. दोन बोटांनी लावलं. खट्ट. उघडलं. खालून धरून उचललं. दार वर आलं नाही. पुन्हा लावलं, या वेळी डोळे मिटून. खट्ट. गेणूला एकदम उमगलं की हा माणूसही दार कानानंच बघतो.

"महिनाभर वापरलंय?"

"वापरलंय म्हंजी!" सरुबाई म्हणाली.

"सुरेख." पाटकर वाकले. "आणि हे काय लोंबतंय?"

खोटं बोलायला गेणूपाशी चांगलं काहीच नव्हतं. "स्टँड आहे साहेब."

"दाराला?"

"दाराला न्हाई. मावशींच्या बोलन्याला."

मग त्यानं सगळं सांगितलं. तीन वेळा हरलेलं दार, उर्स्याचा भोपळा, आक्काबाई, काच, आणि स्वतःच्या बायकोचं कोपरसुद्धा. पाटकर मिशीला हात लावून ऐकत राहिले.

"म्हणजे तुमची बिजागरी एकटी टिकत नाही?"

"एकटी टिकती साहेब. उजवं दार बघा. त्याला मी हात लावल्याला न्हाई, तसंच हाय. पर ह्या अंगाला ती एकटी कधी नसतीच."

पाटकरांनी जाऊन उजवं दार लावून पाहिलं. मग डावं. मग पुन्हा उजवं. रखमाजी ओट्यावरून म्हणाला, "ते माझं हाय," आणि पाटकरांनी समजल्यासारखी मान हलवली.

"माझ्या मॉरिसला असलं काही लावायचं नाही हं, मिस्त्री. ती कारखान्यातून आली तशीच राहिली पाहिजे."

"न्हाई साहेब. इचारसुद्धा न्हाई."

"आणि तशी गरजही नाही. आमच्याकडे लोक मोबाईल कानाला लावून उतरतात आणि मोबाईल कानाला लावूनच जातात. दाराशी कोण थांबतंय!" ते क्षणभर फियाटकडं बघत राहिले. "सोमवारी टेंपोवर टाकून पाठवतो. चारही दारं करा. मग बाकीच्यांना मी सांगेनच."

गेणूनं बोल्ट या हातातून त्या हातात घेतला, पुन्हा या हातात. वॉचमनची खाकी पँट कुठंतरी दूर, दुसऱ्याच कुणाच्या मापाची झाली होती. पाटकर जाऊन आपल्या पांढऱ्या गाडीत बसले, इंजिन सुरू केलं, एक पाय अजून बाहेर होता, तेवढ्यात सरुबाई इंद्रायणी तांदळाची पिशवी घेऊन घरातून आली.

"साहेब, असं मोकळं जाऊ नये. बाईंना सांगा, परंदवडीचा हाय. आन् पुढच्या येळी बाईंनाबी आना." पिशवी आत ठेवून ती सरळ झाली आणि तिचं कोपर नव्याकोऱ्या दाराच्या कडेवर टेकलं. "आनि हो, सांगायचंच ऱ्हायलं..."

गेणूनं ओरडायला तोंड उघडलं. त्याच्या कानानं तेवढ्यात टिपलं होतं: अगदी बारीक, कंपनीतून आलेल्या बिजागरीतून, दुसऱ्या कुणालाही ऐकू येणार नाही असं काहीतरी कुरकुरलं होतं.

पाटकरांनी इंजिन बंद केलं. "बोला ना," ते म्हणाले, आणि सीटवर मागं रेलून बसले.

गेणूनं तोंड मिटलं. आज नाही, उद्या नाही. पण वर्षा-दोन वर्षांत हे दारही येणार होतं शेडीत. तो फियाटखाली सरकला आणि स्टँडचा बोल्ट पिळायला लागला.

"मावशी," त्यानं खालूनच हाक दिली, "सावकाश बोला. घाई न्हाई."